कमजोर प्रतिकारशक्ती आणि शरीरात शिरणारी बुरशी: कोकणातल्या घरांनी या चुका टाळा

हे लिहितोय ते मुख्यतः घरच्यांसाठी. ज्यांच्या घरात कुणाची किडनी बदललेली आहे, कुणाची केमो चालू आहे, कुणी दम्यासाठी किंवा संधिवातासाठी वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतंय, कुणाला एचआयव्ही आहे, किंवा कुणाची साखर कायम तीनशेच्या आसपास असते, त्यांच्यासाठी. निरोगी माणसाला बुरशी झाली तर ती जांघेत, बोटांच्या बेचक्यात, नखात होते. त्रास देते, पण जिवावर बेतत नाही. वर सांगितलेल्या माणसांत मात्र काही बुरशा नाकातून सायनसमध्ये, श्वासातून फुप्फुसात आणि तिथून मेंदूपर्यंत पोचू शकतात.

हे आजार विरळ आहेत, घाबरून झोप उडवण्याची गरज नाही. पण मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो आणि आमच्याकडे येणारे बरेच नमुने उशिरा येतात. या उशिरामागे बहुतेक वेळा एकच कारण सापडतं. पहिल्याच दिवशी तक्रारीला एखादं ओळखीचं नाव दिलेलं असतं: दाढ, सायनस, टीबी, डोकेदुखी. नाव मिळालं की घरचेही निर्धास्त होतात आणि पुढचा शोध थांबतो.

दाढ काढली, आता बरं वाटेल असं धरून चालणं

"दाढ दुखता, बाकी काय नाय," असं सांगत माणूस दातांच्या डॉक्टरांकडे जातो. दाढ खरंच हलत असते, ती काढली जाते. पंधरा दिवस झाले तरी जखम भरत नाही, शेजारचे दातही हलायला लागतात, गाल बधिर वाटतो, एका बाजूचं नाक चोंदतं. मधुमेह असलेल्या माणसात ही म्यूकर नावाच्या बुरशीच्या आजाराची (म्यूकरमायकोसिस, म्हणजे 'ब्लॅक फंगस') सुरुवात असू शकते. २०२१ च्या मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार साथरोग कायद्याखाली नोंदवायला सांगितला, तेव्हा त्याचं नाव घरोघरी पोचलं. लाट ओसरली तशी लोकांनी तो आजारही गेला असं मानलं. तो कोविडच्या आधीही होता आणि आजही आहे. भारतात त्याचं प्रमाण इतर देशांपेक्षा कितीतरी जास्त आहे, आणि आटोक्यात नसलेली साखर हे त्याचं सर्वांत मोठं कारण आहे.

इथे दुसरी चूक पहिलीला जोडून येते: काळं काही दिसेपर्यंत थांबणं. टाळूवर किंवा नाकात दिसणारा काळा रंग हा मेलेल्या भागाचा असतो. पिंपळाचं मूळ चिऱ्याच्या भिंतीत शिरावं तशी ही बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरते, आत गुठळी होते, पुढे रक्त जात नाही आणि तो भाग मरतो. म्हणजे काळं दिसलं तेव्हा बराच मुलूख हातचा गेलेला असतो. त्याआधीच्या खुणा वेगळ्या आहेत: चेहऱ्याच्या एकाच बाजूला दुखणं किंवा बधिरपणा, नाकातून रक्तमिश्रित पाणी, डोळ्याभोवती सूज, एकाच्या दोन वस्तू दिसणं. यातलं काहीही असेल तर वाफारे आणि नाकात तेलाचे थेंब यांत आठवडा घालवू नका. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडून त्याच दिवशी दुर्बिणीने नाक तपासून घ्या.

घाई का, तर हा आजार झालेल्या रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा २००८ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. ज्यांचे योग्य उपचार सहा दिवस किंवा त्याहून जास्त लांबले, त्यांच्यात बारा आठवड्यांतले मृत्यू सुमारे दुप्पट होते. सहा दिवस म्हणजे "पुढच्या सोमवारी बघू" म्हणण्याइतकाच वेळ. त्यात आपल्याकडे पावसात आंबा घाट किंवा कुंभार्ली घाट दरड कोसळून बंद झाला की कोल्हापूर, कऱ्हाडला निघालेली गाडी परत फिरते. म्हणून निर्णय पहिल्या दिवशी हवा.

कसल्या गोळ्या चालू आहेत, हे न सांगणं

गावच्या डॉक्टरांकडे ताप घेऊन गेलेला माणूस तापाबद्दल सगळं सांगतो, पण दोन वर्षांपूर्वी मुंबईत किडनी बदलली हे सांगत नाही. कारण आपल्या मते ते वेगळं दुखणं. खरं तर तेच पहिलं वाक्य असायला हवं. "माझी किडनी बदललेली आहे, टॅक्रोलिमस चालू आहे, आणि मला चार दिवस ताप आहे." टॅक्रोलिमस म्हणजे बदललेली किडनी शरीराने नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी. एवढं सांगितलं की डॉक्टरांचा विचार वेगळ्या दिशेने सुरू होतो.

याहून अवघड गोष्ट म्हणजे ज्यांना आपण स्टिरॉइड घेतोय हेच ठाऊक नसतं ती माणसं. गुडघेदुखीवर कुणीतरी आणून दिलेल्या बिननावाच्या पुड्या, दम लागला की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेल्या बारीक पांढऱ्या गोळ्या, "ताकदीचं" म्हणून घेतलेलं इंजेक्शन. दोन दिवसांत गुडघे मोकळे होतात, भूक वाढते, महिन्या-दोन महिन्यांत चेहरा गोल होतो. असं झालं तर त्या पुडीत स्टिरॉइड असण्याची दाट शंका घ्या. पुडी फेकू नका, डॉक्टरांना दाखवा. आणि हे वाचून घाबरून एका झटक्यात बंदही करू नका. बरेच दिवस घेतलेलं स्टिरॉइड अचानक थांबवलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. ते कमी करत आणायचं असतं, आणि ते काम डॉक्टरांचं.

छातीत डाग म्हणजे टीबीच, असं मानणं

आपल्याकडे टीबी आहेच, त्यामुळे खोकला, ताप आणि एक्स-रेवर डाग दिसला की संशय तिकडे जाणं चूक नाही. थुंकी तपासल्याशिवाय टीबीचा कोर्स सुरू करणं आणि दोन महिने फरक नसताना तोच चालू ठेवणं ही चूक आहे. प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसात ॲस्परजिलस, म्यूकर, क्रिप्टोकॉकस या बुरशांचे आजार एक्स-रेवर टीबीसारखे दिसू शकतात. सुरुवातीला तर एक्स-रे स्वच्छही येऊ शकतो, म्हणून अशा माणसाच्या छातीचा सीटी स्कॅन लवकर करतात.

शिवाय टीबीच्या कोर्समधलं रिफाम्पिसिन हे औषध बुरशीच्या बऱ्याच औषधांची रक्तातली पातळी खाली आणतं. व्होरिकोनॅझोल या बुरशीच्या औषधाबरोबर तर ते द्यायचंच नसतं. तेव्हा "टीबीचंही चालू राहू दे, बुरशीचंही सुरू करा" हा मधला मार्ग दिसतो तितका सोपा नाही.

केमो चालू असलेल्यांसाठी एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा: १००.४ फॅरनहाइट. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी तळाला जातात. त्या काळात एवढा ताप तासभर टिकला तर पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, रात्रीच रुग्णालय गाठायचं. प्रतिजैविकं चार-पाच दिवस देऊनही ताप उतरत नसेल, तर "बुरशीचा विचार केलाय का?" हे डॉक्टरांना स्पष्ट विचारा. असं विचारल्याचा राग कुठलाही चांगला डॉक्टर धरत नाही.

पाठीतलं पाणी काढायला नकार देणं

"पाठीत सुई घातली की माणूस लुळा पडतो" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की त्यावर मोकळेपणाने लिहायलाच हवं. एचआयव्ही असलेल्या, विशेषतः सीडी४ पेशी (एचआयव्ही ज्यांना मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पेशी) १०० च्या खाली गेलेल्या माणसात क्रिप्टोकॉकस ही बुरशी मेंदूच्या आवरणाला सूज आणते. लक्षण फार साधं असतं: दोन-तीन आठवडे हळूहळू वाढत जाणारी डोकेदुखी. मान आखडेलच असं नाही, ताप चढेलच असं नाही. गोळी घेतली की तासभर बरं वाटतं.

अशा वेळी पाठीतलं पाणी तपासावं लागतं. ते कमरेच्या मणक्यांतून काढतात, आणि मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. पाणी काढायला सांगतात ते नुसत्या निदानासाठीही नाही. या आजारात मेंदूभोवती दाब वाढतो, त्यानेच नजर जाते आणि जीवही जातो. पाणी काढून दाब उतरवणं हा उपचारच आहे, कधी कधी रोज करावा लागतो. आधी सीटी करायचा की नाही ते डॉक्टर ठरवतील, तुम्ही सहीसाठी गावाहून मामांची वाट बघत दोन दिवस घालवू नका.

याच बुरशीचा अंश रक्ताच्या साध्या तपासणीत, डोकेदुखी सुरू होण्याच्या काही आठवडे आधी सापडू शकतो. सीडी४ कमी आलं असेल तर ही तपासणी मागून घ्या. आणि मेंदूपर्यंत आजार गेला असेल तर एचआयव्हीची औषधं नव्याने सुरू करायला डॉक्टर चार ते सहा आठवडे थांबतात. त्यात हलगर्जी नाही, लगेच सुरू केली तर मेंदूतली सूज भडकते.

काढलेला सगळा तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकणं

ही चूक रुग्णाची नाही, पण रुग्णाच्या माणसाला ती थांबवता येते. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा सवयीने फॉर्मलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या रसायनाच्या) बाटलीत जातो. फॉर्मलिनमध्ये सगळं मरतं, बुरशीसुद्धा. मग ऊतीत बुरशी आहे एवढं कळतं, ती कुठली आणि तिला कुठलं औषध लागू पडेल हे सांगता येत नाही. म्हणून आधीच सांगा: एक तुकडा फॉर्मलिनमध्ये, दुसरा निर्जंतुक सलाइनमध्ये, आणि चिठ्ठीवर "बुरशीची तपासणी व कल्चर" असं लिहिलेलं. कल्चर म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहणं.

सलाइनमधला तुकडा आमच्याकडे आला की काचेवर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून लगेच पाहता येतो. म्यूकर असेल तर रुंद, फितीसारखे, जागोजागी मुडपलेले तंतू दिसतात, आडवे पडदे जवळजवळ नसतात आणि फांदी काटकोनात फुटलेली असते. ॲस्परजिलसचे तंतू बारीक, एकसारखे, पडदे असलेले आणि तिरक्या कोनात दुभंगणारे. अनुभवी डोळ्याला तासा-दोन तासांत हा अंदाज येतो, आणि तेवढ्यावर औषध ठरू शकतं. कल्चर नंतर येत राहतं. म्यूकरचा तुकडा मात्र कल्चरआधी कुटून बारीक करायचा नसतो, त्याचे नाजूक तंतू तुटून मरतात आणि अहवाल खोटाच "निगेटिव्ह" येतो.

गाठींचंही हेच. अनवाणी चालताना काटा रुतणं, झाडू करायला हीर काढताना बोटात टोचणं हे आपल्याकडे रोजचं. किडनी बदललेल्या माणसाच्या पायावर किंवा बोटावर काही महिन्यांनी न दुखणारी गाठ येते, "चरबीची असेल" म्हणून ती काढतात आणि टाकून देतात. माती आणि लाकडातल्या काळपट बुरशा अशा गाठी करतात. कुठलीही गाठ तपासल्याशिवाय टाकू देऊ नका.

गणपतीला बंद घर उघडायला रुग्णालाच पुढे करणं

मुंबईहून येणाऱ्यांचं दुखणं मला कळतं. वर्षभर केमो सोसलेल्या माणसाला चतुर्थीला घरी यायचं असतं आणि यावंही. पण दहा महिने बंद असलेलं घर पावसाळ्यात उघडलं जातं तेव्हा भिंतींना ओल आलेली असते, माळ्यावर धूळ, गाद्यांना कुबट वास. त्या घरात झाडू फिरला की बुरशीचे बीजाणू (अगदी बारीक कण) हवेत उडतात. घरच्या इतरांनी दोन-चार दिवस आधी येऊन खिडक्या उघडाव्यात, सुक्या झाडूऐवजी ओल्या फडक्याने पुसावं, बुरसलेल्या गाद्या बाहेर काढाव्यात. रुग्णाने नंतर यावं. गणपतीवरची माटवी बांधायचं काम इतरांनी करावं. गोठा, शेणखत, पेंढा, पातेरा (सुका पालापाचोळा) यांपासून लांब राहावं. बाहेर धुळीत जावंच लागलं तर एन-९५ मास्क, नीट बसलेला. रुमाल बांधून हे बीजाणू अडत नाहीत.

पुरानंतरची साफसफाई यात सर्वांत धोक्याची. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूणमध्ये शिरलं, त्यानंतर घरांतून चिखल उपसायचं काम किती दिवस चाललं ते तिथल्या लोकांना आठवतं. अशा वेळी रुग्णाला नातेवाइकांकडे कोरड्या घरात पाठवा. पुराचं पाणी नाकातोंडात जाऊन फुप्फुसात उतरलं असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. गढूळ पाण्यातली सेडोस्पोरियम नावाची बुरशी काही आठवड्यांनी फुप्फुसात किंवा मेंदूत गळू करू शकते, आणि तिच्यावर अँफोटेरिसिन हे बुरशीचं औषध बहुधा चालत नाही, व्होरिकोनॅझोल लागतं.

बुरशीची कुठलीही गोळी चालेल असं समजणं

फ्लुकोनॅझोल मेडिकलमध्ये सहज मिळतं. ते कँडिडाच्या बऱ्याच प्रकारांवर आणि क्रिप्टोकॉकसवर चालतं, ॲस्परजिलस आणि म्यूकरवर चालत नाही. व्होरिकोनॅझोल ॲस्परजिलसवर उत्तम, म्यूकरवर निरुपयोगी. म्यूकरला अँफोटेरिसिन लागतं, जोडीला शस्त्रक्रिया, आणि पुढे पोसाकोनॅझोल किंवा इसाव्हुकोनॅझोल. रक्तातली बीटा-डी-ग्लुकन तपासणी (बऱ्याच बुरशांचा एक अंश शोधणारी) निगेटिव्ह आली तरी म्यूकर नाही असं म्हणता येत नाही, कारण ती तपासणी म्यूकर पकडतच नाही.

अँफोटेरिसिन चालू असताना शेजारी बसणाऱ्याने बाटलीवरचं नाव वाचायची सवय लावावी. साधं आणि लिपोसोमल (चरबीच्या सूक्ष्म कणांत भरलेलं) ही दोन वेगळी औषधं समजा. लिपोसोमल किलोमागे ५ मिलिग्रॅम देतात, साधं १.५ च्या वर जाता कामा नये. अदलाबदल जीवघेणी ठरते. दोन्ही डेक्स्ट्रोजमध्ये मिसळतात, सलाइनमध्ये नाही. किडनीची आणि पोटॅशियमची तपासणी वारंवार होते, त्याला "रोज रक्त काढतात" म्हणून अडवू नका.

घरी आल्यावर गोळ्या आपल्या मनाने कमी-जास्त करणं

किडनी बदललेल्यांनी हे नीट वाचावं. व्होरिकोनॅझोल, पोसाकोनॅझोल सुरू झालं की टॅक्रोलिमस रक्तात साचतं. व्होरिकोनॅझोलबरोबर तर त्याचा डोस साधारण एक तृतीयांशावर आणावा लागतो आणि पातळी पुन्हा पुन्हा मोजावी लागते. बुरशीची गोळी थांबली की उलट होतं, पातळी घसरते आणि बदललेली किडनी धोक्यात येते. म्हणून सुरू करतानाही आणि थांबवतानाही प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना फोन झालाच पाहिजे. गोळ्या संपत आल्या की तालुक्याच्या दुकानात त्या मिळतीलच असं धरू नका, आठ-दहा दिवस आधी मागवून ठेवा.

पोसाकोनॅझोल जेवणाबरोबर घ्यायचं, व्होरिकोनॅझोल जेवणाच्या तासभर आधी किंवा नंतर. व्होरिकोनॅझोल घेणाऱ्याची कातडी उन्हाने भाजते, तेव्हा बागेत, होडीवर किंवा मासे सुकवायला जाताना पूर्ण बाह्यांचा सदरा आणि टोपी हवी. गोळी घेतल्यावर काही वेळ डोळ्यांपुढे लखलखतं किंवा धूसर दिसतं. त्या दिवसांत रात्री गाडी चालवायला दुसरा माणूस घ्या.