विंडोज १० वर थर्ड पार्टी अपडेट टूल टाकताय? आधी या चुका टाळा

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा फुकट सपोर्ट संपला आणि तेव्हापासून छोटी ऑफिसं, क्लासवाले, सीएंकडचे शिकाऊ आर्टिकल सगळ्यांचा एकच प्रश्न, "मशीन तर मस्त चालतंय, मग अपडेटचं काय, कुठलं टूल टाकू?" मशीन म्हणजे बहुतेक वेळा लॅमिंग्टन रोडवरून उचललेला रिफर्बिश्ड ऑप्टिप्लेक्स, सहाव्या जनरेशनचा आय५. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनपासूनचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं, म्हणजे ते अधिकृतपणे बसत नाही, नवीन मशीनचं बजेट नाही, मग कुणीतरी यूट्यूब बघून काहीतरी टाकतं आणि पुढे निस्तरायचं आपण.

सगळ्यात मोठी चूक टूल निवडतानाच होते. "अपडेट टूल" या एका नावाखाली तीन वेगळ्या जाती आहेत. एक जात अपडेट थांबवते, उदाहरणार्थ विंडोज अपडेट ब्लॉकर किंवा स्टॉपअपडेट्स१०. दुसरी जात मायक्रोसॉफ्टचेच अपडेट वेगळ्या वाटेने आणून देते किंवा दहा-वीस मशीनवर एका जागी बसून वाटते, यात अ‍ॅक्शन१, मॅनेजइंजिनचा पॅच मॅनेजर प्लस, विंडोज अपडेट मिनीटूल, पीएस-विंडोजअपडेट हे पॉवरशेलचं मॉड्यूल असे सगळे आले. तिसरी जात स्वतःचे पॅच, म्हणजे सुरक्षेतली भोकं बुजवणारे दुरुस्तीचे तुकडे, लिहिते, आणि त्यात ठळक नाव एकच, स्लोव्हेनियातल्या अ‍ॅक्रोस सिक्युरिटीचं झीरोपॅच.

आता लोक काय करतात, तर दुसऱ्या जातीतलं टूल टाकतात आणि समजतात की विंडोज १० चा प्रश्न सुटला. नाही सुटला! पॅच मॅनेजर, म्हणजे ही दुसरी जात, फक्त वाटप करणारा आहे, मायक्रोसॉफ्टने तुमच्या मशीनसाठी पॅच काढलाच नाही तर तो वाटणार काय? डॅशबोर्डवर हिरवं "अप टु डेट" दिसतं आणि ते खोटंही नसतं, कारण उपलब्ध असलेलं सगळं टाकून झालेलं असतं, फक्त नवीन काही उपलब्ध होतच नाही.

तसंच अँटिव्हायरसचं. "क्विक हील आहे ना, मग कशाला?" किंवा "डिफेंडर तर रोज अपडेट होतोय की". डिफेंडर या विंडोजच्याच अँटिव्हायरसच्या डेफिनिशन विंडोज १० वर ऑक्टोबर २०२८ पर्यंत येणार आहेत हे खरं, पण डेफिनिशन म्हणजे ओळखीच्या चोरांचे फोटो, तुटलेली कडी त्याने दुरुस्त होत नाही. विंडोजच्या फाइलमधलं भोक तसंच राहतं.

दुसरी चूक, अधिकृत रस्ता न बघताच थर्ड पार्टीकडे पळणं. घरच्या मशीनसाठी मायक्रोसॉफ्टचाच ईएसयू (एक्स्टेंडेड सिक्युरिटी अपडेट्स, म्हणजे वाढीव मुदतीचे सुरक्षा अपडेट) प्रोग्रॅम १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. त्याला विंडोज १० चं शेवटचं, २२एच२ व्हर्जन आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंट लागतं, सेटिंग्ज सिंक केल्या तर पैसे नाहीत, नाहीतर १००० रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर, आणि एका अकाउंटवर दहा मशीनपर्यंत चालतं. अपडेटच्या पानावरच एनरोलची लिंक येते. ऑफिसच्या मशीनचा हिशोब वेगळा आहे, पहिल्या वर्षी मशीनमागे ६१ डॉलर आणि पुढे दरवर्षी दुप्पट, जास्तीत जास्त तीन वर्षं. हा आकडा बघूनच ऑफिसवाले झीरोपॅचकडे वळतात, त्याचा प्रो प्लॅन मशीनमागे वर्षाला साधारण २५ युरो अधिक टॅक्स आहे, आणि विंडोज १० २२एच२ ला किमान पाच वर्षं पॅच देऊ असं त्यांनी जाहीर केलंय.

झीरोपॅचबद्दल जरा सविस्तर सांगतो कारण इथेच जास्त गोंधळ होतो. तो विंडोजची फाइल डिस्कवर बदलत नाही, प्रोग्रॅम चालू असताना मेमरीत जाऊन तेवढ्या चार-दोन इन्स्ट्रक्शन बदलतो, म्हणून रीस्टार्टही लागत नाही. पण त्यासाठी त्याला नेमकी तीच फाइल, नेमक्या त्याच व्हर्जनची सापडायला हवी. तुमचं विंडोज जर २०२३ पासून अपडेटच नसेल तर ऑक्टोबर २०२५ च्या फाइलसाठी लिहिलेला पॅच तिथे बसणारच नाही, आणि तुम्ही मात्र एजंट, म्हणजे त्याचा मशीनवर बसणारा प्रोग्रॅम, चालू दिसतोय म्हणून निवांत. म्हणून आधी विंडोज अपडेटमधून शेवटपर्यंतचं सगळं टाकून घ्या, मग रनमध्ये विनव्हर टाइप करून बघा. १९०४५ च्या पुढे ६४५६ दिसलं म्हणजे १४ ऑक्टोबर २०२५ चा अपडेट बसलाय. त्याच्यानंतर एजंट टाका.

झीरोपॅचचा फ्री प्लॅन टाकून गप्प बसणं ही पण चूकच. फ्रीमध्ये फक्त ज्या भोकाला अधिकृत पॅच अजून आलेलाच नाही अशांचे पॅच मिळतात, सपोर्ट संपल्यानंतरचे बाकीचे पॅच प्रोमध्ये आहेत. आणि प्रो घेतला तरी मायक्रोसॉफ्ट काढेल त्या प्रत्येक पॅचची जोडी मिळेल असं नाही, प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलं जाईल असं ज्याच्याबद्दल वाटतं तेवढंच ते उचलतात. मला स्वतःला हे गैर वाटत नाही, पण ऑडिटवाल्याला दाखवायचं असेल तर आधी विचारून घ्या.

ईएसयू आणि झीरोपॅच एकाच मशीनवर दोन्ही घेऊन "डबल सेफ" होत नाही. ईएसयूचा अपडेट आला की फाइल बदलते, मग जुन्या फाइलसाठीचा पॅच लागत नाही. दोन्हीचे पैसे भरण्यात अर्थ नाही, एक ठरवा.

आता ब्लॉकरची भानगड. ऑफिसमधल्या एखाद्या उत्साही पोराने कधीतरी नेट वाचवायला ब्लॉकर टाकलेला असतो, मग एक्सई फाइल डिलीट केलेली असते आणि सगळे विसरलेले असतात. अपडेट चालू करायला गेलं की एरर येतो, शेवटी ८००७०४२२. याचा अर्थ सर्व्हिस बंद आहे, नेटचा काही संबंध नाही. रनमधून सर्व्हिसेस उघडा, विंडोज अपडेट शोधा, स्टार्टअप टाइप डिसेबल्ड असेल तर मॅन्युअल करा आणि स्टार्ट दाबा. पण कधी कधी अ‍ॅक्सेस डिनाइड येतं, किंवा मॅन्युअल केलेलं परत डिसेबल्ड होऊन बसतं. कारण ब्लॉकरमध्ये "सर्व्हिस सेटिंग्ज प्रोटेक्ट करा" असा एक चेकबॉक्स असतो, त्याने परमिशनच लॉक होते. अशा वेळी रजिस्ट्रीत डोकं घालण्यापेक्षा तेच टूल परत डाउनलोड करा, त्यातून एनेबल करा, रीस्टार्ट करा, मगच उडवा. ज्याने कुलूप लावलं त्याच्याकडेच किल्ली, सोपं आहे.

यापेक्षा चिवट प्रकार म्हणजे ट्रायलचा उरलेला कचरा. पॅच मॅनेजरची ट्रायल संपली, एजंट अनइन्स्टॉल केला, पण मशीनला अजून वाटतंय की आपला मालक दुसराच आहे. अपडेटच्या पानावर "काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते" अशी ओळ दिसते, घरच्या लॅपटॉपवर सुद्धा! किंवा ८०२४४०२सी येतो, म्हणजे ज्या सर्व्हरकडून अपडेट आणायचे तो सापडत नाहीये. रजिस्ट्री एडिटरमध्ये लोकल मशीन, सॉफ्टवेअर, पॉलिसीज, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, विंडोजअपडेट असं आत जा. तिथे डब्ल्यूयू-सर्व्हर नावाची व्हॅल्यू आणि तिच्यात कुठल्यातरी बंद पडलेल्या सर्व्हरचा पत्ता, शेवटी ८५३० पोर्ट, आणि आतल्या एयू फोल्डरमध्ये यूज-डब्ल्यूयू-सर्व्हर १ असं दिसलं तर चोर सापडला. आधी ती की एक्सपोर्ट करून ठेवा, मग या व्हॅल्यू काढा, विंडोज अपडेटची सर्व्हिस रीस्टार्ट करा. मशीन ऑफिसच्या डोमेनवर (म्हणजे एका सर्व्हरवरून सांभाळलं जाणारं) असेल तर हे करू नका, ग्रुप पॉलिसी थोड्या वेळाने तेच परत आणून ठेवेल, तिथे पॉलिसीतच बदल करायला हवा.

ज्यांच्याकडे जुना डब्ल्यूसस सर्व्हर, म्हणजे ऑफिसच्या मशीनना अपडेट वाटणारा मायक्रोसॉफ्टचाच सर्व्हर, आहे त्यांच्यासाठी दोन ओळी. सप्टेंबर २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की यात नवीन फीचर येणार नाहीत, म्हणजे तो लगेच बंद झाला असं नाही. पण ऑक्टोबर २०२५ मध्ये त्यातच धोक्याच्या मापावर दहापैकी ९.८ स्कोअरचं भोक निघालं आणि २३ तारखेला तातडीने पॅच काढावा लागला. अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरलाच अपडेट न करणारे लोक मी बघितलेत. ८५३० आणि ८५३१ पोर्ट राउटरवरून बाहेर उघडे असतील तर आजच बंद करा.

बाहेरच्या टूलबद्दलही हेच. पॅच मॅनेजरला प्रत्येक मशीनवर अ‍ॅडमिन हक्क असतात, त्याचा कन्सोल गेला की सगळंच गेलं. २ जुलै २०२१ ला कासेयाच्या व्हीएसए या मॅनेजमेंट टूलमधून आरईव्हिल टोळीने रॅन्समवेअर पाठवलं तेव्हा कंपनीच्याच अंदाजाने ८०० ते १५०० व्यवसायांना फटका बसला, स्वीडनमध्ये कूप सुपरमार्केटची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली कारण बिलिंगचे काउंटर चालेनात. त्यामुळे अ‍ॅक्शन१ दोनशे मशीनपर्यंत फुकट मिळतंय म्हणून ऑफिसच्या कॉमन जीमेलवरून अकाउंट काढायचं आणि पासवर्ड व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा, हे चालणार नाही. टू फॅक्टर लावा, आणि सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन त्याच दिवशी काढा.

आणि क्रॅक केलेलं पॅच टूल, टेलिग्रामवरचं "लाइट" विंडोज, "फुल अ‍ॅक्टिव्हेटेड ईएसयू" वगैरे, यावर काही बोलायलाच नको.

शेवटचं वेळापत्रक, हे आपल्याकडे फार नडतं. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्रीचे साडेदहा-साडेअकरा झालेले असतात, म्हणजे ऑफिसात ते बुधवारी सकाळी मशीन चालू केल्यावर उतरतात. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-१ ची तारीख ११. फेब्रुवारी २०२६ आणि मार्च २०२६, दोन्ही महिन्यांत बुधवार ११ तारखेलाच होता, नोव्हेंबरमध्येही तसंच आहे. टूलमध्ये "लगेच टाका आणि रीस्टार्ट करा" असं डिफॉल्ट ठेवलं तर ज्या पीसीवर टॅलीचा डेटा शेअर केलाय तोच पीसी दुपारी बारा वाजता रीस्टार्ट होतो आणि बाकी चौघं एकदम ओरडतात.

म्हणून रीस्टार्ट रात्रीचा लावा, पण मशीन रात्री खरंच चालू राहतंय का बघा, आपल्याकडे मेन स्विच बंद करून जायची सवय असते आणि मग रात्रीचं शेड्यूल सकाळी चालतं. एक मशीन आधी ठेवा, रिसेप्शनचं वगैरे, तिथे पॅच टाकून प्रिंटर, डीएससी टोकन (डिजिटल सहीचं यूएसबी) आणि टॅली तिन्ही चालतंय का बघा, दोन-तीन दिवसांनी बाकीच्यांना सोडा. टूलमधला ड्रायव्हर अपडेटचा टिक काढून टाका, कारण टोकन ओळखलं जात नाही ही तक्रार आली की निम्म्या वेळा सिक्युरिटी पॅचचा काही दोष नसतो, त्याच्यासोबत गुपचूप आलेल्या ड्रायव्हरचा असतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्या डिव्हाइसच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन रोल बॅक ड्रायव्हर दाबा, बटण फिकट असेल तर टोकन कंपनीच्या साइटवरून जुना ड्रायव्हर टाका, आणि मगच पॅच अनइन्स्टॉल करायचा विचार करा.