हाय-रेझ म्युझिकचे पैसे भरताय, मग ते कानापर्यंत पोचतंय का हे असं तपासा

मी ॲपल म्युझिक घेतलं तेव्हा पहिल्याच दिवशी सेटिंगमध्ये जाऊन सगळ्यात वरचा पर्याय, हाय-रेझ लॉसलेस, चालू करून टाकला आणि पुढचे पाच महिने आपण एकदम भारी क्वालिटी ऐकतोय असं समजून ब्लूटूथ नेकबँडवर ऐकत राहिले. मग एकदा नेकबँडची बॅटरी संपली म्हणून भावाचा जुना वायरवाला हेडफोन लावला, आणि जे विलंबित मी रोज रात्री ऐकते त्यात मागे दोन तंबोरे आहेत हे मला त्या रात्री पहिल्यांदा कळलं. दोन! इतके दिवस मला तो एकच वाटायचा. राग आला, कारण पाच महिने डेटा आणि स्टोरेज दोन्ही खर्च झालं होतं आणि हातात काहीच आलं नव्हतं. तुमचं तसं होऊ नये म्हणून एकेक पायरी लिहिते. मी ॲपल म्युझिक वापरते म्हणून सेटिंगची नावं तिथली आहेत, पण दुसरं कुठलंही लॉसलेस (म्हणजे आवाजातलं काही न गाळता) देणारं ॲप असलं तरी क्रम हाच ठेवा.

पायरी १ : आधी एक रेकॉर्डिंग ठरवा

सेटिंगला हात लावायच्या आधी हे करा. तुम्हाला पाठ असलेलं, शंभर वेळा ऐकलेलं एकच रेकॉर्डिंग निवडा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. नवीन गाण्यावर क्वालिटी तपासायला गेलात तर तुम्ही गाणं ऐकत बसता, आवाज नाही.

माझं म्हणाल तर किशोरीताई आमोणकरांचं एक विलंबित. त्यातही मी सुरुवातीचा एक मिनिट घेते, आलाप नीट सुरू व्हायच्या आधीचा, जिथे फक्त तंबोरा वाजतोय. तंबोरा हा या कामाला फार उपयोगी, कारण त्याची सगळी मजा जवारीत, म्हणजे तारेच्या त्या झणझणत्या गुंजनात आहे. मिरजेचे कारागीर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी) घासून घासून तिला जो उतार देतात आणि वर तारेखाली सूत सरकवून जो नेमका बिंदू शोधतात, त्यामुळे एका तारेतून मूळ स्वराच्या वर अनेक बारीक स्वर फुटत राहतात. एमपीथ्री किंवा एएसी सारख्या फॉरमॅटमध्ये फाइल लहान करताना नेमके हे मोठ्या आवाजाखाली दबलेले बारीक आवाजच "माणसाला ऐकू येणार नाहीत" असं धरून काढले जातात. बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला गाण्यासाठी वापरलेला डेटा, चांगला असेल तर ते काढणं खरंच कळत नाही, पण कमी बिटरेटवर तंबोऱ्याची नुसती झिरझिर उरते.

शास्त्रीय ऐकत नसाल तर अभंग घ्या, टाळ भरपूर असलेला. खराब फाइलमध्ये टाळ पाण्याखाली वाजल्यासारखे येतात, झंकार सुटा न राहता सगळा एकमेकांत मिसळतो, आणि एकदा हे कानाला कळलं की पुढे कुठेही लगेच ओळखता येतं. तबल्यासाठी डग्ग्याची घसीट ऐका, हात दाबत पुढे सरकतो तेव्हाचा घुमारा शेवटपर्यंत येतो का मधेच तुटतो ते.

एक मात्र, ७८ आरपीएमच्या तबकडीवरून उतरवलेलं जुनं काही निवडू नका. बालगंधर्वांच्या तबकड्या मला जिवापाड आवडतात, पण तीन-साडेतीन मिनिटांच्या त्या तबकडीत मुळात जेवढं उतरलं तेवढंच आहे. ती हाय-रेझमध्ये ऐकली तर जास्त तपशिलात ऐकू येते ती सुईची खरखर.

पायरी २ : ॲपमधली सेटिंग

आयफोनवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, त्यात म्युझिक, त्यात ऑडिओ क्वालिटी. अँड्रॉइडवर ॲपमध्येच वरचे तीन टिंब दाबून सेटिंग्जमध्ये ऑडिओ क्वालिटी सापडेल. तिथे लॉसलेस ऑडिओ चालू करा. मग मोबाइल डेटा, वायफाय आणि डाउनलोड असे तीन वेगवेगळे पर्याय दिसतील आणि प्रत्येकाला वेगळी क्वालिटी देता येते. इथेच बहुतेक जण तिन्हीकडे सगळ्यात वरचं टाकून मोकळे होतात, मीही तेच केलं होतं, ते करू नका. सध्या वायफायला लॉसलेस ठेवा, मोबाइल डेटाला हाय क्वालिटी ठेवा, बाकीचं पुढे बघू.

नावांचा गोंधळ होतो म्हणून सांगते. हाय क्वालिटी म्हणजे २५६ केबीपीएस (सेकंदाला इतके किलोबिट) एएसी, यात फाइल लहान करताना काही भाग गेलेला असतो. लॉसलेस म्हणजे काहीही न गाळता दाबून बसवलेली फाइल, २४ बिट ४८ किलोहर्ट्झपर्यंत (किलोहर्ट्झ म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने घेतले, बिट म्हणजे प्रत्येक नमुना किती बारकाईने मोजला). हाय-रेझ लॉसलेस त्याच्या वर, १९२ किलोहर्ट्झपर्यंत. आणि १९८२ पासून बाजारात असलेली आपली साधी सीडी होती १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झ. म्हणजे "लॉसलेस" असं दिसलं की निदान सीडीएवढं तरी मिळतंय असं समजा, आणि ते अजिबात कमी नाही.

पायरी ३ : वायर लावा

या सगळ्यातली ही सगळ्यात महत्त्वाची पायरी आणि सगळ्यात जास्त लोक हीच गाळतात.

ब्लूटूथवरून जाताना गाणं पुन्हा एकदा दाबलं जातं. ॲपने तुम्हाला कितीही सुंदर फाइल दिली तरी फोन ती हेडफोनकडे पाठवताना परत लहान करतो. आयफोन ब्लूटूथवर एएसी वापरतो. अँड्रॉइडवर एलडॅक, म्हणजे ब्लूटूथवर जास्त डेटा पाठवायची पद्धत, असेल तर जास्तीत जास्त ९९० केबीपीएस, आणि तेही सिग्नल चांगला असेल तरच, नाहीतर ते आपोआप ६६० किंवा ३३० वर उतरतं. सीडीचा मूळ आकडा आहे १,४११ केबीपीएस, म्हणजे तुम्हीच बघा. एलडॅक वाईट नाही, मी स्वतः चालताना ब्लूटूथच वापरते, पण त्याला लॉसलेस म्हणता येणार नाही.

आता फोनला ३.५ एमएमचं भोक असेल तर प्रश्नच नाही, साधा हेडफोन लावा. नसेल तर टाइप-सी चं डोंगल, म्हणजे मधे लावायचं छोटं कनेक्टर, लागेल, आणि इथे मी एकदा फसले ते सांगते. पुण्यात तपकीर गल्लीतल्या एका दुकानातून मी एक स्वस्तातलं कनेक्टर उचललं, घरी येऊन लावलं तर फोन म्हणतो ही ॲक्सेसरी चालत नाही. कारण असं की काही कनेक्टरमध्ये नुसती तार असते, ती फोनमधल्याच चिपवर अवलंबून असते, आणि फोनच्या टाइप-सी मधून ॲनालॉग आवाज बाहेर येतच नसेल तर तिचा उपयोग शून्य. आपल्याला हवं ते डॅक असलेलं. डॅक म्हणजे फाइलमधल्या आकड्यांचा विजेच्या लहरीत बदल करणारी चिप, तो बदल झाल्याशिवाय हेडफोनमधून काही ऐकूच येत नाही. म्हणून दुकानात विचारताना स्पष्ट विचारा, "यात डॅक आहे का, आणि किती किलोहर्ट्झपर्यंत चालतं?" दुकानदाराला सांगता आलं नाही तर खोक्यावर वाचा, तिथेही लिहिलेलं नसेल तर ठेवून द्या.

ॲपलचं स्वतःचं छोटं टाइप-सी डोंगल २४ बिट ४८ पर्यंत जातं, म्हणजे लॉसलेसला पुरेसं आणि हाय-रेझला अपुरं. ४८ च्या वर जायचं असेल तर ९६ किंवा १९२ घेणारं बाहेरचं डॅक लागतं. माझ्याकडच्या डोंगलवर तांदळाच्या दाण्याएवढा दिवा आहे, ४८ पर्यंत हिरवा असतो आणि वर गेलं की निळा होतो, त्यामुळे माझं तपासणं फार सोपं झालंय, शक्य असेल तर असा दिवा असलेलंच घ्या.

अँड्रॉइडवाल्यांनी अजून एक बघा. बऱ्याच फोनमध्ये सिस्टीम सगळे आवाज एकत्र करून ४८ किलोहर्ट्झला आणून मगच बाहेर सोडते, त्यामुळे ॲपमध्ये १९२ दिसत असलं तरी डॅककडे ४८ च पोचतं. कॉम्प्युटरवर ऐकणार असाल तर विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आणि मॅकच्या ऑडिओ मिडी सेटअपमध्ये जो आकडा निवडलेला असेल त्यातच सगळं बदललं जातं, तो एकदा जाऊन बघा.

पायरी ४ : बिल्ला दाबून बघा

गाणं चालू असताना प्लेअरच्या स्क्रीनवर "लॉसलेस" किंवा "हाय-रेझ लॉसलेस" असा बारीक बिल्ला दिसतो, त्यावर बोट ठेवलं की नेमके किती बिट आणि किती किलोहर्ट्झ चालू आहे ते उघडतं. बिल्ला दिसतच नसेल तर वायर नीट बसली नाहीये, किंवा मोबाइल डेटावर आहात, किंवा आधी कमी क्वालिटीत डाउनलोड केलेलं गाणं वाजतंय. माझ्या लायब्ररीतलं मराठी बहुतेक सगळं साध्या लॉसलेसवरच थांबतं, त्यामुळे प्रत्येक गाण्यावर हाय-रेझ शोधत बसू नका.

पायरी ५ : मधली लुडबुड बंद करा

डॉल्बी ॲटमॉस ऑफ करा, निदान तपासण्यापुरतं, कारण ते वेगळंच मिक्स असतं आणि लॉसलेस नसतं. साउंड चेक (सगळी गाणी सारख्या मोठ्या आवाजात आणणारं) ऑफ, इक्वलायझर ऑफ. आणि क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याच्या शेवटावर पुढचं गाणं चढवणारं, तर ऑफच ठेवा. बऱ्याच अल्बममध्ये विलंबित आणि द्रुत असे दोन ट्रॅक केलेले असतात आणि क्रॉसफेड चालू असेल तर विलंबिताचा शेवट संपायच्या आतच द्रुत त्याच्यावर येऊन बसतं. सवाई गंधर्वला मांडी घालून तासभर एक राग ऐकलेल्या माणसाला ते सहन होणार नाही.

पायरी ६ : डेटाचा हिशोब

ॲपलने दिलेल्या अंदाजानुसार ३ मिनिटांचं गाणं हाय क्वालिटीत ६ एमबी, लॉसलेसमध्ये ३६ एमबी आणि १९२ च्या हाय-रेझमध्ये १४५ एमबी होतं. आता यात आपलं गाणं बसवून बघा. अर्ध्या तासाचा बडा ख्याल धरला तर हाय क्वालिटीत ६० एमबी, लॉसलेसमध्ये ३६० एमबी, आणि हाय-रेझमध्ये जवळजवळ १,४५० एमबी. रोजचा दीड जीबीचा पॅक असेल तर एका ख्यालात दिवस संपला, मग आईचा व्हिडिओ कॉल पण लागत नाही. म्हणून बाहेर असताना हाय क्वालिटी, आणि जे मनापासून ऐकायचं ते घरच्या वायफायवर आधीच डाउनलोड, असंच करा.

पायरी ७ : न बघता ओळखून दाखवा

हे नक्की करा, यात पैसे वाचतात. घरातल्या कोणाला तरी सोबत घ्या. मी ताईला बसवलं होतं. मी डोळे मिटून हेडफोन लावायचा, ती सेटिंगमध्ये कधी हाय क्वालिटी, कधी लॉसलेस करणार, प्रत्येक वेळी नाणं उडवून, म्हणजे तिच्या मनाचा कल येत नाही, आणि तंबोऱ्याचा तोच एक मिनिट वाजवणार, मी सांगायचं कुठलं होतं. असं दहा वेळा, ताईने वहीत लिहायचं आणि शेवटपर्यंत मला काही सांगायचं नाही. व्हॉल्यूमला मधे कोणीही हात लावायचा नाही, कारण जरा मोठा वाजला की तोच चांगला वाटतो, कानाचं हे ठरलेलंच आहे. वायफायवरच करा आणि ते गाणं डाउनलोड केलेलं नसावं, नाहीतर सेटिंग बदलूनही तीच फाइल वाजत राहील. दर वेळी बिल्ला ताईनेच बघून खात्री करायची.

दहापैकी पाच-सहा बरोबर आले तर तो अंदाज, नाणं उडवून पण तेवढे येतात. नऊ आले तर तुम्हाला खरंच फरक कळतोय, नुसत्या नशिबाने नऊ किंवा जास्त यायची शक्यता शंभरात एक एवढीच असते.

माझे २५६ एएसी आणि लॉसलेसमध्ये सात आले. लॉसलेस आणि हाय-रेझमध्ये पाच. पण तोच हेडफोन आणि ब्लूटूथ नेकबँड यांच्यात मात्र दहाच्या दहा. अर्थात ती तुलना न बघता झालीच नाही, कानात काय घातलंय ते कळतंच, आणि खरा फरक हेडफोनचाच आहे, पण मला जे हवं होतं ते उत्तर त्यातच मिळालं, की पुढचा पैसा हेडफोनवर घालायचा, ॲपच्या आकड्यावर नाही. माणसाचा कान फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत ऐकतो (इथे किलोहर्ट्झ म्हणजे स्वराची उंची) आणि ४४.१ वर रेकॉर्ड केलेल्या फाइलमध्ये त्याच्या निम्मं, म्हणजे २२ पर्यंतचं सगळं येतं, त्यामुळे माझे पाच आले यात माझ्या कानाचा काही दोष आहे असं मला वाटत नाही. तुमचे नऊ आले तर जरूर हाय-रेझ ठेवा.

पायरी ८ : जुनी डाउनलोड काढून परत घ्या

सेटिंग बदललं म्हणून आधी उतरवलेली गाणी आपोआप बदलत नाहीत, ती जुन्याच क्वालिटीत फोनमध्ये पडून राहतात. ती डाउनलोडमधून काढायची आणि नव्याने घ्यायची. काढताना "रिमूव्ह डाउनलोड" निवडा, "डिलीट फ्रॉम लायब्ररी" नको, नाहीतर गाणं लायब्ररीतूनच जाईल. मी रात्री फोन चार्जिंगला लावून एकेक अल्बम केला, आधी किशोरीताई, मग भीमसेनजी, मग अभंगांची यादी. सकाळी उठून पहिल्या ट्रॅकवरचा बिल्ला दाबला तर २४ बिट ४८, डोंगलचा दिवा हिरवा, आणि दोन्ही तंबोरे जागेवर.