शिरोलीच्या पर्चेसमधून लष्करी उपग्रहांच्या खरेदीकडे

लष्करी उपग्रहांच्या क्षेत्रात शिरायचे तर एरोस्पेसची पदवीच हवी, असा समज कोल्हापुरात आजही पक्का आहे. त्यामुळे शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांत खरेदी विभाग सांभाळणारी मुले-मुली या वाटेकडे फिरकतच नाहीत. मी शिरोलीच्या एका फाउंड्रीत पर्चेसला होतो आणि सध्या बंगळुरूत उपग्रहांच्या भू-केंद्रांची उपकरणे पुरवणाऱ्या एका कंपनीत करारांचे काम पाहतो. उपग्रह घडवणाऱ्यांइतकीच तो मागवणारी, तपासून घेणारी आणि वेळेत बदलून घेणारी माणसे या क्षेत्राला लागतात, हे तिथे गेल्यावरच नीट उमगले.

सुरुवात 'संरक्षण संपादन कार्यपद्धती २०२०' या लष्करी खरेदीचे नियम सांगणाऱ्या दस्तऐवजापासून करावी. तो संरक्षण मंत्रालयाच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतो, मात्र वेळोवेळी त्यात दुरुस्त्या होत असल्याने हाती असलेली प्रत कोणत्या तारखेची आहे हे आधी पाहावे. सैन्यदलाने गरज मांडायची, संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संपादन परिषदेने किंवा तिच्या अखत्यारीतील मंडळाने ती मान्य करायची, मग आरएफपी (पुरवठादारांकडून प्रस्ताव मागवणारा दस्तऐवज), तांत्रिक मूल्यमापन, चाचण्या, किमतीची वाटाघाटी आणि शेवटी करार, असा हा क्रम आहे. तो पाठ व्हायला वेळ लागत नाही. खरा कस लागतो तो पहिल्याच पायरीवर, म्हणजे गुणात्मक निकष लिहिताना. रोजच्या बोलण्यात आम्ही त्यांना नुसते 'क्यूआर' म्हणतो.

समजा, 'उपग्रहांनी सीमाभागाची स्पष्ट छायाचित्रे वारंवार द्यावीत' असे वाक्य निकषांत आले. टॉलरन्स, म्हणजे मापात किती फरक चालेल तो आकडा, नसलेले ड्रॉइंग आले तर शिरोलीतला कोणताही मिस्त्री ते परत पाठवील. हे वाक्यही त्याच लायकीचे आहे. छायाचित्रात किती मीटरची वस्तू ओळखता यायला हवी, त्याच ठिकाणावरून पुढचा उपग्रह किती तासांनी जायला हवा, पावसाळी ढगांतून आणि रात्रीही दिसायला हवे का (तसे असेल तर रडार उपग्रह लागतो, आणि खर्चाचे सारे गणित बदलते), टिपलेले चित्र सैन्याच्या तुकडीच्या हाती किती मिनिटांत पडायला हवे, हे आकड्यांत लिहावे लागते. शिवाय प्रत्येक आकडा कोण, कुठे आणि कसा तपासणार हेही ठरलेले असावे लागते. फाउंड्रीत हीट नंबर (भट्टीतल्या एका ओताचा क्रमांक) आणि टेस्ट सर्टिफिकेट जुळवण्याची सवय ज्याला आहे, त्याला हे काम इंजिनिअरिंगच्या नव्या पदवीधरापेक्षा लवकर जमते, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरी बाब कालावधीची. नौदलासाठीचा जीसॅट-७ हा उपग्रह ३० ऑगस्ट २०१३ रोजी गेला आणि त्याची जागा घेणारा सीएमएस-०३ थेट २ नोव्हेंबर २०२५ रोजी. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरचा, एकाच भागावर स्थिर राहणारा एकटा उपग्रह असेल तर अशी वाट पाहता येते. खालच्या कक्षेतला उपग्रह मात्र एका ठिकाणावरून काही मिनिटांतच निघून जातो, म्हणून तिथे ताफाच लागतो, आणि त्यातल्या उपग्रहांचे आयुष्यही बहुधा कमी असते. भारताने ऑक्टोबर २०२४ मध्ये ५२ टेहळणी उपग्रहांच्या योजनेला मंजुरी दिली; त्यांतले २१ इस्रो आणि ३१ खासगी कंपन्या बनवतील, अशी विभागणी आहे. अमेरिकेची २०१९ मध्ये स्थापन झालेली स्पेस डेव्हलपमेंट एजन्सी तर साधारण दर दोन वर्षांनी उपग्रहांची नवी तुकडी सोडण्याच्या बेतानेच वेगवेगळ्या पुरवठादारांशी करार करते. अशा योजनेत करारावर सही झाली तरी खरेदी संपत नाही. पहिली तुकडी वर जाण्याआधीच तिसरीचे निकष टेबलावर आलेले असतात.

राखीव उपग्रहाचा विचार का करावा लागतो, हे नाविकच्या इतिहासात दिसते. या दिशादर्शक प्रणालीची एक सेवा केवळ अधिकृत वापरकर्त्यांसाठी राखीव आहे. तिच्यातल्या आयआरएनएसएस-१ए या उपग्रहावरील अणुघड्याळे बंद पडली, त्याची जागा घ्यायला निघालेला १एच हा उपग्रह ऑगस्ट २०१७ मध्ये अग्निबाणाचे उष्णताकवच न उघडल्याने वाया गेला आणि त्यानंतरचा १आय हा उपग्रह कक्षेत पोहोचायला एप्रिल २०१८ उजाडले. ही साखळी मुलाखतीत तारखांसह सांगता आली, तर समोरच्याला तुम्ही वाचन केले आहे हे कळते.

अर्ज करताना थेट मंत्रालयाकडे डोळे लावून बसू नये. बंगळुरू आणि हैदराबादच्या पुरवठादार कंपन्यांत बिड डेस्कवर, म्हणजे निविदा भरणाऱ्या विभागात, सुरुवातीच्या जागा निघतात. तिथले पहिले काम बहुतेक वेळा प्री-बिड (निविदा भरण्याआधीच्या) बैठकीसाठी प्रश्न काढण्याचे असते: आरएफपीतील कलम, त्यातली संदिग्धता आणि आपली विनंती, असा तीन रकान्यांचा तक्ता. न्यूस्पेस इंडिया लिमिटेड या अंतराळ विभागाच्या सरकारी कंपनीच्या जाहीर निविदांपैकी एखादी घेऊन असा तक्ता घरबसल्या करून पाहावा आणि अर्जासोबत तोच जोडावा. आधीच्या नोकरीतील कोणतेही गोपनीय कागद नमुना म्हणून जोडू नयेत. या क्षेत्रात असा अर्ज पुढे वाचलाही जात नाही.