दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधताना या चुका टाळा

दिलेल्या अक्षरांवरून इंग्रजी शब्द शोधणे वरकरणी सोपे वाटते, आणि बहुतेक चुका या वाटण्यातूनच होतात. ठाण्यात मी सुट्टीत मुलांना आणि एरवी निवृत्त मंडळींना शब्दखेळ शिकवतो. दोन गटांच्या वयांत पन्नास-साठ वर्षांचे अंतर असले तरी चुका मात्र तंतोतंत त्याच होतात.

सर्वांत मोठी चूक म्हणजे प्रश्न नीट न वाचणे. ‘ही अक्षरे असलेला शब्द’ आणि ‘फक्त याच अक्षरांचा शब्द’ या दोन अगदी वेगळ्या मागण्या आहेत. पहिल्या प्रकारात दिलेली अक्षरे शब्दात असली की झाले, सोबत आणखी कितीही अक्षरे चालतात. दुसऱ्या प्रकारात बाहेरचे एकही अक्षर चालत नाही. घोडबंदर रस्त्यावरील एका गृहसंकुलाच्या स्पर्धेत ए, ई, आर आणि टी ही अक्षरे देऊन ‘या अक्षरांचे शब्द लिहा, लांब शब्दाला जास्त गुण’ असा प्रश्न विचारला होता. निवृत्त इंग्रजी शिक्षिका असलेल्या एका काकूंनी ‘रेफ्रिजरेटर’ लिहिला. त्यात ही चारही अक्षरे आहेत आणि शब्द बारा अक्षरी आहे. संयोजकांची उत्तरपत्रिका मात्र मोबाइलवरील ॲपमधून उतरवलेली होती आणि त्या ॲपने प्रश्नाचा दुसरा अर्थ धरून ‘रेट’, ‘टिअर’ असे चार अक्षरी शब्द तेवढे दिले होते. काकूंना शून्य गुण मिळाले. ‘ॲपमध्ये नाही म्हणजे शब्दच नाही,’ असे संयोजक ठामपणे सांगत राहिले, काकूंनी शब्दकोश मागवला, दोन्ही बाजूंचे समर्थक उभे राहिले आणि शेवटी तो प्रश्नच रद्द करावा लागला. ॲपने काहीच चुकीचे केले नव्हते. कोणता पर्याय निवडला आहे हे कोणी पाहिले नव्हते. उत्तराची घाई असणाऱ्यांना ॲप आवडते, परंतु आपण नेमके काय विचारत आहोत हे ज्याला ठाऊक नाही, त्याला ॲपने दिलेले उत्तर चूक की बरोबर हेही ओळखता येत नाही. म्हणून मी शोधाला सुरुवात करण्यापूर्वी कागदाच्या डोक्यावर ‘जास्तीची अक्षरे चालतील’ किंवा ‘चालणार नाहीत’ असे स्पष्ट लिहितो.

दुसरी चूक पुनरावृत्तीची, आणि ती हुशार मुले अधिक करतात. स्क्रॅबल या पटावर अक्षरांच्या सोंगट्या लावून शब्द बनवायच्या खेळात हातात टी ची एकच सोंगटी असेल, तर ‘ट्रीट’ लावता येत नाही, कारण त्यात टी दोनदा येतो. याउलट न्यूयॉर्क टाइम्सच्या ‘स्पेलिंग बी’ या खेळात तेच अक्षर हवे तितक्या वेळा वापरता येते. तेथे अट इतकीच की शब्द किमान चार अक्षरी असावा आणि दिलेल्या सात अक्षरांपैकी मधोमध मांडलेले अक्षर त्यात असावे. ऐरोलीच्या एका अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने यासाठी पायथनमध्ये प्रोग्राम लिहून आणला होता. तो अक्षर आहे की नाही एवढेच तपासत होता, किती वेळा आहे हे मोजत नव्हता, त्यामुळे त्याच्या यादीतील बरेच शब्द स्क्रॅबलच्या पटावर लावताच येत नव्हते. मोजणीशिवायचा प्रोग्राम स्क्रॅबलसाठी निरुपयोगी आहे.

सर्व अक्षरे वापरून शब्द बनवायचा असेल, तर नवशिके ती मनात उलटसुलट फिरवत बसतात. सात वेगवेगळ्या अक्षरांच्या ५०४० मांडण्या होतात, त्यामुळे हा मार्ग आपल्यासाठी नाही. मी आधी शेपट्या बाजूला काढतो: आय-एन-जी, ई-डी, ई-आर, टी-आय-ओ-एन. मग उरलेल्या अक्षरांकडे पाहतो. संगणकावर शोधायचे असेल, तर प्रत्येक शब्दाची अक्षरे वर्णक्रमाने लावून ठेवावीत. ‘लिसन’, ‘सायलेंट’ आणि ‘एन्लिस्ट’ या तिघांचीही मांडणी ई-आय-एल-एन-एस-टी अशीच होते, म्हणून एक सापडला की बाकीचे आपोआप हाती लागतात.

आपल्या मराठी मंडळींची खास चूक म्हणजे कानाने शोधणे. ‘फोटो’ एफ मध्ये आणि ‘नाइट’ (म्हणजे सरदार, रात्र नव्हे) एन मध्ये शोधणाऱ्याला पी-एच आणि मूक के कधीच दिसत नाहीत. शोध स्पेलिंगचा असतो, उच्चाराचा नसतो.

ॲपमध्ये शोधताना माहीत नसलेल्या अक्षरांच्या जागी चिन्हे टाकता येतात; त्यांत प्रश्नचिन्ह म्हणजे बहुधा नेमके एक अक्षर आणि तारा (*) म्हणजे कितीही अक्षरे, हे लक्षात ठेवावे. तारा-ए-तारा-ई-तारा असा साचा लिहिला, तर ए आधी आणि ई नंतर असलेलेच शब्द येतात; ‘रेट’ मिळतो, पण ‘टिअर’ निसटतो, कारण त्यात ई आधी येतो.

क्यू नंतर यू हवाच, हा समज सोडावा: ‘ची’ (चिनी परंपरेतील जीवनशक्ती) हा शब्द क्यू-आय असा दोनच अक्षरांचा आहे, आणि ‘फकीर’ व ‘निकाब’ यांची क्यू असलेली स्पेलिंगेही स्पर्धेत चालतात. हाती ए, ई, आय, ओ, यू यांपैकी काहीच नसेल, तर वाय पाहावा. ‘रिदम’ त्यावरच उभा आहे.

शेवटी, शब्द न सापडल्यास आपण कोणत्या शब्दयादीत शोधत आहोत ते आधी तपासावे. अमेरिका व कॅनडाबाहेरील बहुतेक इंग्रजी स्क्रॅबल स्पर्धांत कॉलिन्स या ब्रिटिश कोशाची शब्दयादी प्रमाण मानतात, त्यामुळे अमेरिकी यादीवर बेतलेले ॲप काही वैध शब्द नाकारते. मॅक संगणकात मिळणारी शब्दांची फाइल १९३४ च्या वेबस्टर कोशावर आधारलेली असून तिच्यात सुमारे २ लाख ३५ हजार शब्द आहेत, पण बहुतेक अनेकवचने नाहीत. तिच्यात ‘इनलेट’ मिळेल, ‘इनलेट्स’ मिळेलच असे नाही. अशा वेळी शेवटचा एस काढून पुन्हा शोधावे, आणि तरीही न मिळाल्यास दुसरी यादी घ्यावी.