व्ह्यूफाइंडरमध्ये शार्प, फोटोत सॉफ्ट: डीएसएलआरवर मॅन्युअल लेन्स लावताना या चुका टाळा

जुनी ५० मिमी एफ १.४ लेन्स हातात आली की ती पूर्ण उघड्या ॲपर्चरवरच (प्रकाश आत घेणारं भोक; एफचा आकडा जितका लहान तितकं ते मोठं) वापरायचा मोह होतो. मग व्ह्यूफाइंडरमध्ये डोळे लख्ख दिसतात आणि कॉम्प्युटरवर बघावं तर कान शार्प, डोळे सॉफ्ट. लेन्स विकायला काढण्याआधी थोडं थांबा. दोष बहुतेक वेळा लेन्सचा नसतो.

जे दिसतं तेच खरं मानणं

सगळ्यात मोठी चूक हीच. फिल्मच्या काळात फोकस डोळ्यानेच लावायचा असल्यामुळे फोकसिंग स्क्रीनची, म्हणजे आरशावरून येणारं चित्र जिच्यावर उमटतं ती, काच खरखरीत असे आणि मध्यभागी स्प्लिट इमेजचं (फोकस चुकला की चित्र दोन तुकड्यांत दाखवणारं) वर्तुळ असे. ऑटोफोकस आल्यावर त्या काचेचं काम फक्त चित्र दाखवण्यापुरतं उरलं. शिवाय किट झूमची लेन्स एफ ५.६ ची, म्हणून अशा लेन्समध्येही चित्र उजळ दिसावं अशा स्क्रीन बनू लागल्या. याची किंमत अशी, की मोठ्या ॲपर्चरच्या कडेने तिरके येणारे किरण ही स्क्रीन डोळ्यापर्यंत पोहोचूच देत नाही. तुमची लेन्स एफ १.४ ची असली तरी व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणारी डेप्थ ऑफ फील्ड (पुढे-मागे जेवढं अंतर शार्प दिसतं ते) साधारण एफ २.८ च्या आसपासची असते.

पडताळून बघायचं असेल तर डेप्थ ऑफ फील्ड प्रीव्ह्यूचं बटण दाबून ठेवा आणि ॲपर्चर १.४ वरून २, मग २.८ करा. चित्र जवळजवळ काळवंडतच नाही. २.८ च्या पुढे गेलात की अंधारायला लागतं.

आता हिशोब करू. क्रॉप सेन्सर (३५ मिमी फिल्मएवढ्या फुल फ्रेमपेक्षा लहान), ५० मिमी, माणूस १ मीटरवर. एफ १.४ ला खरी डेप्थ जेमतेम २ सेंटीमीटर असते, एफ २.८ ला सुमारे ४. म्हणजे डोळ्याला चार सेंटीमीटरभर सगळं सारखंच शार्प दिसणार आणि त्यातले दोनच फोटोत येणार. त्यात क्रॉप बॉडीचा व्ह्यूफाइंडर छोटा. निकॉन डी५६०० चं मॅग्निफिकेशन कागदावर ०.८२ असलं, तरी तो आकडा ५० मिमी लेन्स धरून दिलेला असतो, १.५ ने भागलं की फुल फ्रेमच्या हिशोबात ०.५५ उरतं. ऑलिम्पस ओएम-१ या जुन्या फिल्म कॅमेऱ्यात हेच ०.९२ होतं. त्या कॅमेऱ्यावर फोकस पटकन लागायचा, यात फोटोग्राफरचा हात जितका सराईत होता तितकाच तो मोठा व्ह्यूफाइंडरही कामाला येत होता.

म्हणून ‘दिसलं शार्प, दाबलं बटण’ असं करू नका. रिंग फोकसच्या पलीकडे न्या, चित्र बिघडताना दिसलं की परत अलीकडे आणा, तिकडेही बिघडू द्या, आणि या दोन टोकांच्या मधोमध थांबा. जुन्या लेन्सची रिंग लांब फिरते, तिथे हे छान जमतं. ऑटोफोकस लेन्सची रिंग जरा हलवली की फोकस कुठल्या कुठे जातो, तिथे जड जातं.

डायॉप्टर समोरच्या दृश्यावर लावणं

डायॉप्टर म्हणजे व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेला जुळवून घ्यायचं आयपीसशेजारचं छोटं चाक. ते फिरवताना समोरच्या झाडाकडे बघू नका. लेन्स काढा किंवा पूर्ण आउट ऑफ फोकस करा, कॅमेरा पांढऱ्या भिंतीकडे धरा आणि स्क्रीनवरच्या फोकस पॉइंटच्या रेघा धारदार दिसेपर्यंत चाक फिरवा. चाळिशी ओलांडलेल्यांसाठी एक गोष्ट: बहुतेक कॅमेऱ्यांत स्क्रीनचं चित्र डोळ्याला साधारण १ मीटरवर असल्यासारखं दिसतं. बायफोकल चष्म्याच्या खालच्या, वाचायच्या भागातून बघितलंत तर ते कधीच नीट दिसणार नाही. आणि सिलिंडरचा नंबर या चाकाने भरून निघत नाही, तेव्हा चष्मा काढू नका.

हिरव्या ठिपक्यावर आंधळा विश्वास

निकॉन आणि पेंटॅक्सच्या बॉडी जुन्या मॅन्युअल लेन्सलाही व्ह्यूफाइंडरमध्ये फोकस लागल्याचा ठिपका दाखवतात. कॅननला चिप नसलेल्या अडॅप्टरवर (दुसऱ्या माउंटची लेन्स बसवायची कडी) असं काही दिसत नाही. निकॉन डी५६०० सारख्या ऑटोफोकसची मोटर नसलेल्या बॉडीवर ५० मिमी एफ १.८ डी ही स्वतःची मोटर नसलेली लेन्स लावणारे आपल्याकडे भरपूर आहेत, आणि त्यांचा सगळा भार या ठिपक्यावरच असतो. या बॉडीच्या मेन्यूत रेंजफाइंडर नावाचा पर्याय आहे, तो चालू करा. फोकस पुढे आहे की मागे, हे पट्टीवर दिसू लागतं. मात्र एम (मॅन्युअल एक्स्पोजर) मोडमध्ये ही पट्टी एक्स्पोजरसाठी राखलेली असते, तिथे ठिपक्यावरच भागवावं लागतं.

ठिपका एका बिंदूवर पेटत नाही, रिंगच्या थोड्या पट्ट्यात पेटलेला राहतो. दोन्ही बाजूंनी येऊन तो कुठे पेटतो आणि कुठे विझतो ते बघा, आणि मध्य पकडा. निवडलेला फोकस पॉइंट खरोखर डोळ्यावरच ठेवा. मधल्या पॉइंटवर फोकस लावून मग फ्रेम हलवली, तर एफ १.४ ला तेवढ्यानेही पाणी फिरतं.

दोष चुकीच्या जागी शोधणं

अडॅप्टर जाड किंवा पातळ असल्यामुळे बॅकफोकस होतो, म्हणजे फोकस ठरवलेल्या जागेच्या मागे जातो, ही समजूत सर्रास आढळते. तसं होत नाही. अडॅप्टरमुळे रिंगवरची इन्फिनिटीची (खूप दूरच्या गोष्टींच्या फोकसची) जागा सरकेल, पण स्क्रीन आणि सेन्सर दोघांनाही तोच प्रकाश त्याच लेन्समधून मिळतो. फरक पडतो तो बॉडीच्या आत: आरशाचा कोन आणि स्क्रीनची उंची.

ट्रायपॉडवर कॅमेरा लावा, टेबलावर वर्तमानपत्र तिरकं पसरा, एक ओळ ठरवा आणि दर वेळी रिंग मुद्दाम बिघडवून पाच-सहा फोटो काढा. फोकस कधी ओळीच्या पुढे, कधी मागे जात असेल तर ती स्क्रीनची मर्यादा आहे, सरावाने आणि आयपीस मॅग्निफायरने कमी होईल. दर वेळी एकाच बाजूला जात असेल तर स्क्रीनसोबतच्या पातळ पट्ट्या किंवा आरसा जुळवून घ्यायला लागतो. हे काम दुरुस्तीवाल्याकडूनच करून घ्या. स्क्रीनला बोट लागलं तर ओरखडा कायमचा. ठिपका आणि डोळा यांचं आपसात पटत नसेल तर लाइव्ह व्ह्यूमध्ये (कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर) चित्र मोठं करून कोण खरं ते ठरवा. तिथे सेन्सरच बोलतो.

कॅनन ५डी मार्क २ किंवा ६डी असेल तर ईजी-एस ही खास स्क्रीन बसवता येते. त्यावर फोकस खूप स्पष्ट कळतो, पण एफ ४ च्या झूमवर व्ह्यूफाइंडर अंधारा होतो, आणि कस्टम फंक्शनमध्ये स्क्रीनचा प्रकार बदलायला विसरलात तर मीटरिंग (प्रकाशाचं मोजमाप) चुकतं.

काही छोट्या गोष्टी

हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्सवर (ॲपर्चर हाताने उघडायची-बंद करायची) ॲपर्चर एफ ८ ला ठेवून फोकस लावू नका. उघडून लावा, मग बंद करा. ताऱ्यांसाठी रिंग टोकाला नेऊन ठेवू नका, कित्येक लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडेही फिरतात. आणि मुंबई-कोकणात चार पावसाळे कपाटात काढलेली लेन्स असेल तर आधी मागून टॉर्च मारून बघा. आत बुरशीचं जाळं किंवा धुरकट थर दिसला, तर कॉन्ट्रास्टच गेलेला असतो आणि वरचं काहीही करून फोकस नीट सापडणार नाही.