मॅग्नेट की जवळची शाळा? आधी बसचा थांबा पाहा

सहावीत जाणाऱ्या मुलाला दूरच्या मॅग्नेट कार्यक्रमात (सरकारी शाळेतील, निवडक मुलांसाठी एखाद्या विषयावर भर देणाऱ्या विशेष कार्यक्रमात) जागा मिळाली की अमेरिकेतील मराठी घरांत पेढे आधी वाटले जातात आणि वेळापत्रक नंतर पाहिले जाते. हा क्रम उलटा असावा. मेरीलँडच्या माँटगोमेरी काउंटीत गणित, विज्ञान व संगणकशास्त्रासाठी टाकोमा पार्क आणि मानव्यविद्यांसाठी ईस्टर्न या मिडल स्कूल प्रसिद्ध आहेत. परंतु अशा कार्यक्रमांची बस बहुधा दाराशी न येता ठरावीक मध्यवर्ती थांब्यावर येते, त्यामुळे तिथवर सोडण्या-आणण्याचा वेळही प्रवासातच धरावा. हिवाळ्यातील एखाद्या सकाळी, अंधार असतानाच, मुलाला घेऊन तो थांबा गाठून पाहावा आणि संध्याकाळी गृहपाठ, तबला व झोप यांना किती तास उरतात, हे कागदावर मांडावे.

जवळची शाळा ‘साधी’ म्हणून निकालात काढू नये. तिथे आठवीपर्यंत अल्जेब्रा वन (बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम) किंवा त्यापुढची जिऑमेट्री (भूमिती) शिकता येते का, हे समुपदेशकांना नेमके विचारावे; उत्तर होकारार्थी असेल, तर निदान गणितापुरता मॅग्नेटशी असलेला फरक बराच कमी होतो. मॅग्नेटचा खरा लाभ, माझ्या मते, अभ्यासक्रमापेक्षा सोबतीचा आहे: तास संपल्यावरही त्याच प्रश्नावर वाद घालणारी मुले तिथे भेटतात. म्हणून आपले मूल सध्याच्या वर्गात खरोखर कंटाळते, की नुसतेच पहिले येते, हे त्याच्या शिक्षकांकडून जाणून घ्यावे. मॅग्नेटमध्ये रुजू झाल्यावर वर्षाच्या मध्यात जवळच्या शाळेत परतता येते का, हेही होकार कळवण्यापूर्वीच विचारून ठेवावे.