डॉपलर शिकताना या चुका टाळा: आजार शोधण्याआधी आपला हात तपासा

इंदूरच्या रामबागेतल्या एक आजी पोटदुखीसाठी सोनोग्राफीला आल्या होत्या. प्रोब, म्हणजे अंगावर फिरवायचं मशीनचं टोक, हातात होता आमच्या प्रशिक्षणार्थी डॉक्टर मुलीच्या. पाच-सात मिनिटं ती लिव्हरजवळच रेंगाळली, मग हळूच मला म्हणाली, "मॅडम, पोर्टल व्हेनमध्ये कलर भरतच नाहीये. थ्रॉम्बोसिस वाटतोय." डॉपलर म्हणजे सोनोग्राफीतच वाहतं रक्त रंगात दाखवणारी आणि त्याचा वेग मोजणारी पद्धत, पोर्टल व्हेन म्हणजे आतड्यांकडून लिव्हरकडे रक्त नेणारी शीर आणि थ्रॉम्बोसिस म्हणजे तिच्यात गुठळी. आजींना शब्द कळला नाही, पण सूर कळला. "काय गं बाई, काय भरत नाही?" म्हणत त्या उठूनच बसायला लागल्या.

मी आधी आजींना झोपवलं, मग स्क्रीनच्या कडेचे आकडे पाहिले. आधीच्या पेशंटच्या किडनीच्या धमन्या बघितल्या होत्या. त्यासाठी कलर स्केल, म्हणजे रंगात दाखवायच्या वेगाची मर्यादा, सेकंदाला ८० सेंटिमीटरवर चढवलेली होती आणि ती तशीच राहिली होती. धमनीतलं रक्त धावतं, पोर्टल व्हेनमधलं चालतं. तिथे वेग साधारण २० च्या आसपास असतो. स्केल २० वर आणली, वॉल फिल्टर (अगदी हळू हालचाली गाळून टाकणारं बटण) खाली केला, प्रोब पोटाच्या मधून काढून उजव्या बरगड्यांमध्ये ठेवला. शीर काठोकाठ भरली.

त्या मुलीचं ज्ञान कमी नव्हतं. थ्रॉम्बोसिसची सगळी कारणं तिला पाठ होती. चूक एवढीच झाली की समोरचं चित्र आजींचं आहे असं तिने धरलं. ते अर्धं आजींचं होतं आणि अर्धं तिच्या हाताने लावलेल्या बटणांचं. सोनोग्राफीत चित्र आपण घडवतो, म्हणून कुठलाही दोष पेशंटवर टाकण्याआधी तो आपल्या हाताचा नाही ना, हे बघावं लागतं. इंदूरमध्ये शिकवताना ज्या चुका पुन्हापुन्हा दिसतात, त्या सगळ्यांच्या मुळाशी हेच आहे.

"कलर येत नाही" म्हणजे "रक्त वाहत नाही" नव्हे

कलर दिसला नाही तर हा क्रम सोडू नका. आधी स्केल, म्हणजेच पीआरएफ (सेकंदाला किती ध्वनिस्पंद पाठवायचे तो आकडा), खाली आणा. मग वॉल फिल्टर कमी करा. कलर गेन, म्हणजे रंगाचा सिग्नल वाढवणारं बटण, ठिपके उडेपर्यंत वाढवा आणि ठिपके नुकते थांबतील इतका मागे घ्या. कलर बॉक्स (जेवढ्या भागात रंग दाखवायचा ती चौकट) लहान करा, कारण मोठ्या बॉक्सने फ्रेम रेट (सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या) पडतो आणि हळू प्रवाह निसटतो. शेवटी कोन बदला. शिरेवर प्रोब ९० अंशात उभा असेल तर कोसाइन शून्य होतो आणि वाहतं रक्तही मशीनला थांबलेलं वाटतं. पोटाच्या मधून पाहिलं की पोर्टल व्हेन बहुतेक आडवीच पडते. बरगड्यांमधून ती प्रोबच्या दिशेने येते, म्हणून मी जागा बदलली होती.

एवढं करूनही रंग आला नाही, तर कलर बंद करून ग्रे-स्केलमध्ये, म्हणजे साध्या काळ्या-पांढऱ्या चित्रात, शिरेच्या आत नीट बघा. गुठळी पुष्कळदा तिथे राखाडी दिसते. मात्र ताजी गुठळी काळीच दिसू शकते, म्हणून नुसत्या काळ्या पोकळीवर निर्धास्त होऊ नका.

याच्या उलट चूक जास्त घातक असते, आणि ती माझ्या हातून झालेली आहे. मी रेसिडेंट असताना एका रात्री चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा आला. वृषणात अचानक उठलेली कळ, उलट्या, वडील दाराशी उभे. मी प्रोब ठेवला, कलर लावला, रंगाचे ठिपके दिसले आणि मी "फ्लो आहे" असं सांगून टाकलं. सीनियरनी येऊन गेन थोडा खाली केला. ठिपके सगळे गेले. तो नुसता नॉइज होता, गेन चढवून मीच तयार केलेला. त्यांनी दुसऱ्या, न दुखणाऱ्या बाजूला प्रोब ठेवला. तिथे त्याच सेटिंगवर धमन्या स्वच्छ दिसत होत्या. मुलाला तिथूनच ऑपरेशनला नेलं आणि वृषण वाचलं. वृषणाला पडलेला असा पीळ सहा तासांत सुटला तर वाचण्याची शक्यता चांगली असते, नंतर ती झपाट्याने घसरते. माझ्या त्या "फ्लो आहे"वर घरी पाठवलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

म्हणून दोन गोष्टी हाताला लावून घ्या. दुखरी बाजू आधी बघायची नाही. चांगल्या बाजूवर स्केल, फिल्टर, गेन जमवायचे आणि तीच सेटिंग न हलवता दुखऱ्या बाजूला न्यायची. दुसरं, रंगाच्या ठिपक्यावर विश्वास ठेवायचा नाही. त्यावर सॅम्पल व्हॉल्यूम (वेग मोजायची छोटी चौकट) ठेवून स्पेक्ट्रल (वेळेनुसार वेगाचा आलेख) काढायचा. खऱ्या धमनीची लाट उठते, नॉइजची उठत नाही. आणि लाट उठली तरी दोन्ही बाजूंच्या लाटा शेजारी ठेवून बघा, कारण अर्धवट पिळात प्रवाह कमी होतो, पूर्ण थांबतोच असं नाही.

कोनाची पाच अंशांची चूक

कॅरोटिडच्या, म्हणजे मानेतल्या मोठ्या धमनीच्या, डॉपलरमध्ये ध्वनिलहर आणि रक्तवाहिनी यांच्यातला कोन ६० अंशांपेक्षा जास्त नको, हे सगळ्यांना ठाऊक असतं. का नको, हे विचारलं की वर्ग गप्प होतो. हिशेब फार सोपा आहे. मशीन वेग काढताना कोसाइनने भागतं. रक्तवाहिनी खरी ३० अंशांवर आहे आणि तुम्ही कर्सर (कोन दाखवणारी स्क्रीनवरची रेघ) ३५ वर लावला, तर १०० चा वेग १०६ दिसतो. खरा कोन ६० आणि लावला ६५, तर तोच १०० आता ११८ होतो. ७० च्या जागी ७५ लागला की थेट १३२. चूक प्रत्येक वेळी पाचच अंशांची, पण तिची किंमत चढत जाते.

आता हे पेशंटवर लावून बघा. इंटर्नल कॅरोटिडमध्ये (कॅरोटिडच्या मेंदूकडे जाणाऱ्या फांदीत) सिस्टॉलिक वेग (हृदय आकुंचन पावताना होणारा सर्वांत जास्त वेग) सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर गेला की ५० टक्के किंवा त्याहून जास्त अरुंदपणाचा संशय धरतात, आणि २३० च्या वर ७० टक्क्यांचा. खरा वेग १०६ असलेल्या माणसाचा आकडा ६० च्या जागी ६५ लावल्याने १२५ पर्यंत पोहोचतो. त्या माणसाला काही झालेलं नाही. तरी तो घाबरणार, अँजिओग्राफीला जाणार, खर्च करणार. म्हणून आकड्याआधी प्लाक (भिंतीवर साचलेला थर) दिसतोय का ते बघा. भिंत स्वच्छ आणि वेग मात्र चढलेला, असं असेल तर कोन पुन्हा लावा. कर्सर भिंतीला समांतर हवा, अरुंद जागी तर विशेष काळजी घेऊन. दोन्ही बाजूंना शक्यतो सारखाच कोन ठेवा, म्हणजे निदान तुलना तरी खरी होते.

माझ्याकडे शिकणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात एकमेकांच्या मानेवर सराव करायला लावते. एकच कॅरोटिड, प्रोब जागेवर, फक्त कोनाचा कर्सर चुकीच्या अंशांवर फिरवायचा आणि दर वेळी दिसणारा वेग वहीत लिहायचा. स्वतःच्याच मित्राचा वेग मिनिटात ७० वरून १२० वर गेलेला पाहिला की व्याख्यानाची गरज उरत नाही.

अ‍ॅलियासिंगबद्दल, म्हणजे वेग स्केलच्या मर्यादेबाहेर गेल्याने लाट किंवा रंग उलटा दिसण्याबद्दल, थोडक्यात. लाट वरून कापली जाऊन खालून निघाली तर आधी बेसलाइन (शून्य वेगाची रेघ) खाली सरकवा, मग स्केल वाढवा. रंगांची सरमिसळ दिसली की लगेच "टर्ब्युलन्स" (घुसळता प्रवाह) लिहू नका. स्केल वाढवल्यावर ती गेली तर ती सेटिंगची होती.

पोहे, चहा आणि भरलेली लघवीची पिशवी

इंदूरमध्ये पोटाच्या सोनोग्राफीतली निम्मी भांडणं सकाळच्या पोह्यांशी असतात. "उपाशी आहात ना?" असं विचारलं की उत्तर येतं, "हो, फक्त पोहेच खाल्लेत." वर शेव, जिरावन मसाला, आणि बरोबर जलेबीही झालेली असते. पित्ताशय आकसतं, भिंत ३ मिलिमीटरच्या वर जाड दिसते, आणि नवा मुलगा कोलेसिस्टायटिस (पित्ताशयाची सूज) लिहून मोकळा होतो. प्रश्नच बदला. "सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेलं?" असं विचारा. दुधाचा चहाही त्यात मोजा. सहा-आठ तास पोट रिकामं नसेल आणि तातडी नसेल, तर दुसऱ्या दिवशी बोलवण्यात कमीपणा नाही.

खडा दिसला तर पेशंटला डाव्या कुशीवर वळवा. खडा घरंगळतो, पॉलिप (भिंतीला चिकटलेली गाठ) जागेवर राहतो. हे सगळ्यांना माहीत असतं, पण बाहेर रांग लागली की कोणी वळवत नाही. पित्ताशयाच्या मानेपाशी कडेमुळे पडणारी सावली खड्याची वाटते. प्रोब दोन दिशांनी फिरवल्यावर ती हलते किंवा नाहीशी होते.

किडनीचंही असंच. लघवी रोखून, तांब्या-तांब्या पाणी पिऊन आलेल्या माणसाच्या दोन्ही किडन्या थोड्या फुगलेल्या दिसू शकतात. हायड्रोनेफ्रोसिस (लघवी अडकून किडनी फुगणं) लिहिण्याआधी त्याला बाथरूमला पाठवा आणि पुन्हा बघा. लहान मुलांत पिरॅमिड (किडनीच्या आतले त्रिकोणी भाग) काळे दिसतात, त्यांनाही सूज समजू नका. ते सुटेसुटे, ओळीत असतात आणि एकमेकांना जोडलेले नसतात.

गरोदर बाई टेबलावर असताना

पहिल्या तीन महिन्यांत गर्भाचे ठोके ऐकवायला पल्स्ड डॉपलर लावू नका. त्यात एकाच जागी जास्त ऊर्जा जाते. ठोके मोजायला एम-मोड (एकाच रेषेवरची हालचाल दाखवणारी पद्धत) पुरतो. नातेवाइकांना आवाज ऐकायचा असतो, त्यांचा आनंद मला कळतो, पण तो थोडा पुढे ढकलता येतो. अकरा ते चौदा आठवड्यांच्या तपासणीत एनटी (गर्भाच्या मानेमागच्या द्रवाची जाडी) मोजताना सीआरएल (गर्भाची डोक्यापासून बैठकीपर्यंतची लांबी) ४५ ते ८४ मिलिमीटरच्या मध्ये हवी. गर्भाची मान ना ताणलेली, ना वाकलेली. डोकं आणि छातीचा वरचा भाग एवढ्यानेच स्क्रीन भरावी. मान मागे ताणलेली असेल तर माप खोटं वाढतं. अशा वेळी आईला खोकायला सांगा, थोडं चालून यायला सांगा, थांबा.

आणि कायद्याबाबत हयगय नको. गर्भलिंगनिदान रोखणारा पीसीपीएनडीटी कायदा १९९४ चा आहे. गर्भाचं लिंग शब्दाने, खुणेने, कुठल्याही रीतीने सांगणं गुन्हा आहे. "बस इतना बता दो, सब अच्छा है ना?" या प्रश्नामागे काय दडलंय ते ऐकताच कळतं. हसून, मान हलवूनसुद्धा उत्तर देऊ नका. फॉर्म एफ (गरोदर बाईच्या तपासणीची या कायद्याखालची नोंद) तपासणीच्या वेळीच भरा, संध्याकाळी आठवून नव्हे. एमबीबीएस डॉक्टरांसाठीच्या २०१४ च्या नियमांत ३०० तासांचं सोनोग्राफीचं प्रशिक्षण आहे. त्यातले काही तास तरी फॉर्म भरायला शिकण्यात घालवा, असं मी आग्रहाने सांगते.

रिपोर्टमधला एक शब्द

अपेंडिक्स दिसलं नाही तर "अपेंडिक्स नॉर्मल" लिहू नका. "दिसलं नाही" असंच लिहा, आणि का ते लिहा: गॅस होता, पेशंट जाड होता, दुखण्यामुळे दाबू दिलं नाही. पायाच्या शिरांचं डॉपलर केलं तर मांडीपासून गुडघ्यामागपर्यंत दर दोन-तीन सेंटिमीटरवर आडवा प्रोब दाबून शीर पूर्ण मिटते का (गुठळी असेल तर ती मिटत नाही) ते पाहिलं, की नुसता कलर लावून पुढे गेलात, तेही लिहा. पोटरीच्या शिरा सुजेमुळे पाहता आल्या नसतील तर तसं नमूद करा. सर्जन मध्यरात्री तो कागद वाचणार असतो. "नॉर्मल" वाचून तो पेशंटला घरी पाठवील, "दिसलं नाही" वाचून स्वतः पोटाला हात लावून बघेल.

त्या आजींच्या रिपोर्टमध्ये मी त्याच मुलीला लिहायला लावलं: पोर्टल व्हेन मोकळी, प्रवाह लिव्हरच्या दिशेने, वेग २२, कलर स्केल २०. शेवटचा आकडा सहसा कोणी लिहीत नाही. तिने तेव्हापासून लिहायला सुरुवात केली आहे.